खळाळत्या प्रवाहातील कयाकिंग : धोका नेमका कुठे?

केरळच्या कोझिकोड जिल्ह्यातील चालिपुळा व इरुवंजिपुळा या नद्या पश्चिम घाटातून वेगाने खाली उतरतात. २०१३ मध्ये सुरू झालेला मलबार रिव्हर फेस्टिव्हल पावसाळ्यात येथेच भरतो. अशा अरुंद, खडकाळ प्रवाहात खरा धोका लाटांचा नसतो. उंचावरून कोसळणारे पाणी तळाशी मागे वळते आणि नावेला तेथेच घुसळत ठेवते. म्हणूनच कयाकपटू कड्यावर वल्ह्याचा जोरदार फटका मारून नावेचे टोक उचलतो आणि या घुसळणीच्या पलीकडे उतरतो. प्रवाहात आडवी पडलेली झाडेही तितकीच घातक असतात. फांद्यांतून पाणी निघून जाते. माणूस मात्र अडकतो. त्यामुळे पुढचा मार्ग दिसत नसेल, तर आधी काठावरून पाहणी करणे आणि बचावाचा दोर घेतलेला साथीदार खाली उभा करणे आवश्यक असते. शंका वाटल्यास नाव खांद्यावर घेऊन काठाने चालत जाण्यात कमीपणा मानला जात नाही.