घरबांधणीचा खर्च : त्याची वाढ कशी मोजावी ?

घर पाहावें बांधून व लग्न पाहावें करून, ही म्हण आपल्यांत सर्वांच्या तोंडीं आहे. परंतु घर बांधून आलेला अनुभव पुढच्या पिढीस उपयोगीं पडेल अशा रीतीनें लिहून ठेवण्याची चाल मात्र फारशी नाहीं. एकरीं बियाणें किती पडलें, उंसास पाण्याच्या पाळ्या किती दिल्या, हें बिनचूक सांगणारा शेतकरीदेखील, पांच वर्षांपूर्वीं बांधलेल्या घरास सिमेंटचीं पोतीं किती लागलीं असें विचारल्यास निरुत्तर होतो. त्यास आठवतो तो केवळ एकंदर खर्चाचा आंकडा.

याचा परिणाम काय होतो तें कोणत्याहि गांवांतून फेरी मारल्यास दिसून येतें. जोत्यावर अडलेलीं, किंवा खांबांच्या सळया उघड्यावर गंजत उभ्या आहेत अशीं चार-दोन घरें आढळतातच. त्यांच्या मालकांनीं आळस केला असें नव्हे. अंदाज जुन्या भावानें केला आणि काम नव्या भावानें करावें लागलें, एवढेंच त्यांचें चुकलें. पण या चुकीपायीं कर्ज दुप्पट होतें, आणि प्रसंगीं जमिनीचा तुकडाहि गहाण पडतो. म्हणून बांधकामाच्या खर्चाचा चढउतार कसा मोजावा, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

रुपयाचा आंकडा फसवा असतो

एक सर्वांच्या माहितीचें उदाहरण घेऊं. केंद्र सरकारची इंदिरा आवास योजना १९८५-८६ सालीं सुरू झाली. २०१३ पासून तींत सपाट प्रदेशांतील एका घरास ७०,००० रुपये मिळत. २०१६ सालीं प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) हिनें तिची जागा घेतली. मदत १,२०,००० रुपये झाली व घराचें किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर ठरलें. २०२४ सालीं या योजनेची मुदत २०२८-२९ पर्यंत वाढविण्यांत आली, परंतु मदतीचा मूळ आंकडा तोच राहिला.

आतां हाच आंकडा आपल्या मालाच्या मापानें मोजून पाहावा. मध्यम धाग्याच्या कापसाचा किमान आधारभूत भाव २०१६-१७ सालीं क्विंटलास ३,८६० रुपये होता. २०२५-२६ सालीं तो ७,७१० रुपये ठरला. म्हणजे १,२०,००० रुपये पूर्वीं ३१ क्विंटल कापसाच्या बरोबरीचे होते, ते पुढें साडेपंधरा क्विंटलांवर आले. कागदावर एक पैहि कमी झाली नाहीं, तरी मदत निम्मी झाली. महाराष्ट्र शासनानें २०२५ सालीं आपल्याकडून ५०,००० रुपयांची भर जाहीर केली. ती धरली तरी हिशेब २२ क्विंटलांपर्यंतच पोंचतो. यावरून उघड होतें कीं, दोन निरनिराळ्या सालांतील रुपये एकाच मापाचे नसतात, आणि त्यांची नुसती तुलना करणें म्हणजे लहान व मोठ्या पायलीनें मोजलेल्या धान्याची तुलना करणें होय.

निर्देशांकाची रीत

ही अडचण दूर करण्यासाठीं सरकारी बांधकाम खातीं निर्देशांक काढतात. केंद्रीय लोकनिर्माण खात्यानें १ ऑक्टोबर २००७ व पुढें १ ऑक्टोबर २०१२ या तारखांचे दर १०० धरून त्यावरून पुढील खर्च मोजण्याची पद्धत ठेविली होती. यांतील तत्त्व सोपें आहे. घर तेंच धरावयाचें, त्यास लागणारे जिन्नस तेवढेच धरावयाचे, आणि फक्त भाव बदलावयाचे.

समजा, एका घराच्या १०० रुपये खर्चांत सिमेंटचे १५, लोखंडाचे २०, वाळू-खडीचे १५, विटांचे १२, मजुरीचे ३० व इतर ८ रुपये आहेत. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. प्रत्येकाच्या घरीं ते निराळे येतील. कांहीं वर्षांनीं सिमेंट शेंकडा २०, लोखंड ४०, वाळू-खडी ६०, विटा ३०, मजुरी ५० व इतर जिन्नस २५ यांप्रमाणें महागले. तर वाढ अनुक्रमें ३, ८, ९, ३.६, १५ व २ रुपये, मिळून ४०.६ रुपये झाली. निर्देशांक १४०.६ आला. भाव सर्वांत अधिक चढला तो वाळू-खडीचा. परंतु खर्चांत सर्वांत मोठी भर घातली ती मजुरीनें. कोणत्या जिन्नसाची ओरड होते हें न पाहतां त्याचा वांटा किती हें पाहावें, हा यांतील धडा आहे.

याच रीतीनें दुसरीहि एक गोष्ट कळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तु व सेवा कर शेंकडा २८ वरून १८ वर आला. तेव्हां घर आतां दहा टक्क्यांनीं स्वस्त होणार, असा पुष्कळांचा समज झाला. वस्तुतः १२८ रुपयांचा माल ११८ रुपयांस मिळाला, तर सिमेंटच्या किंमतींत शेंकडा ७.८ ची घट होते; आणि सिमेंटचा वांटा १५ धरल्यास संपूर्ण घराच्या शंभर रुपयांत जेमतेम सव्वा रुपया वांचतो. तोहि व्यापाऱ्यानें सर्व सूट पुढें दिली तरच.

छापील भाव व पोंच भाव

जुने भाव पाहतांना आणखी एक सावधगिरी पाहिजे. सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतें. तें फेब्रुवारी १९८२ मध्यें अंशतः व १ मार्च १९८९ रोजीं पूर्णपणें उठलें. नियंत्रणाच्या काळांत परवान्याचा भाव एक आणि परवान्यावांचून पडणारा भाव दुसरा असे. परवान्याची वाट पाहण्यांत हंगाम गेला तर तोहि खर्चच होय. त्या काळचे केवळ सरकारी दर घेऊन आजच्या भावाशीं ताडून पाहणारा मनुष्य फसेल.

वाळूचीहि तीच गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानें २७ फेब्रुवारी २०१२ च्या निर्णयानें लहान खाणपट्ट्यांसहि पर्यावरण-मंजुरी आवश्यक ठरविली, व तेव्हांपासून नदीची वाळू पूर्वीसारखी सहज मिळेनाशी झाली. दगडाच्या चुऱ्याची वाळू खेड्यापाड्यांतहि वापरांत आली. २०२३ सालीं महाराष्ट्र शासनानें डेपोवर ब्रासला ६०० रुपये दर जाहीर केला. परंतु वाहतूक निराळी होती, आणि घर बांधणाऱ्याचा भाव म्हणजे त्याच्या दारांत येऊन पडलेल्या मालाचा भाव. वहींत लिहावयाचा तो हाच पोंच भाव.

माल मोजून घेणेंहि तितकेंच महत्त्वाचें आहे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गाडीच्या हौद्यांत वाळू १० फूट लांब, ६ फूट रुंद व अडीच फूट उंच भरली असेल, तर ती १५० घनफूट, म्हणजे दीड ब्रास झाली. ओलसर वाळू फुगते. ही फूग पाव हिश्शापर्यंतहि जाऊं शकते, हें मापतांना ध्यानांत ठेवावें. लोखंडाची सळई तर वजनानेंच ताडून पाहावी. सळईच्या जाडीच्या मिलिमीटरांचा वर्ग करून त्यास १६२ नीं भागिलें कीं एका मीटरचें वजन किलोंत येतें. १२ मिलिमीटर सळई मीटरला सुमारें ०.८९ किलो भरली पाहिजे. माप कमी पडलें, तर भाव न वाढतांहि घर महाग होतें.

भाव वाढला कीं घर बदललें ?

आजोबांनीं एवढ्या थोड्या पैशांत वाडा कसा बांधला, असा प्रश्न पुष्कळ घरांतून निघतो. त्या वाड्यास दगड शेतांतला, माती ओढ्याकांठची, तुळया बांधावरच्या झाडाच्या, आणि ओझीं वाहण्यास घरचे बैल व घरचीं माणसें होतीं. हा सर्व खर्च झालाच होता. तो रोकड वहींत आला नाहीं इतकेंच.

शिवाय तें घर व आजचें घर एक नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारों माणसें मृत्युमुखीं पडलीं, तीं मुख्यतः मातींत रचलेल्या दगडी भिंती व वरच्या माळवदाचा जड थर यांखालीं सांपडून. पुढें पुनर्वसनांत जीं घरें दिलीं गेलीं तीं जमीनधारणेप्रमाणें २५०, ४५० व ७५० चौरस फुटांचीं होतीं, आणि भूकंपाचा धक्का सोसतील अशा बेतानें बांधलेलीं होतीं. अशा मजबुतीसाठीं जें लोखंड व सिमेंट अधिक लागतें, तो खर्च वाढला खरा. पण ती महागाई नव्हे, ती जिवाच्या सुरक्षिततेची किंमत आहे. भाववाढ व सुधारणा हीं दोन खातीं वहींत निराळीं ठेवावीं. नाहींतर काटकसर करतांना मनुष्य नेमका सुरक्षिततेवरच हात ठेवतो.

वहींत काय लिहावें

पाया, जोतें, भिंती, छत व गिलावा या प्रत्येक टप्प्यास वहीचें निराळें पान द्यावें. त्यांत तारीख, जिन्नस, माप व पोंच भाव लिहावा. गवंडी व बिगारी यांचे दिवस मोजावेत. चौरस फुटाच्या ठरावानें काम दिलें असल्यास त्या दरांत काय येतें व काय येत नाहीं तें त्याच दिवशीं लिहून घ्यावें. घरचें लांकूड, दगड व श्रम यांचीहि बाजारभावानें नोंद करावी.

घर पुरें झाल्यावर वही अडगळींत टाकूं नये. दरवर्षीं अक्षय्य तृतीयेस व दसऱ्यास, त्याच दुकानीं त्याच पांच-सहा जिन्नसांचे भाव व गांवांतील मजुरीचा दर विचारून लिहावा. जुन्या मापांस नव्या भावांनीं गुणून येणारी बेरीज मूळ खर्चानें भागावी व शंभरानें गुणावी, म्हणजे आपल्या गांवचा निर्देशांक तयार झाला. संघाच्या दहा सभासदांनीं अशा वह्या ठेवल्या, तर तालुक्यांतील घर बांधणाऱ्या प्रत्येकास त्यांचा आधार मिळेल.

कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं अंदाज चालू भावानें पुन्हां तपासावा. रक्कम अपुरी पडते असें दिसल्यास मोठें घर अर्धें सोडण्यापेक्षां दोन खोल्या छपरासह पुऱ्या कराव्या. घर एकदांच बांधावयाचें असलें, तरी त्याचा हिशेब मुलांच्याहि उपयोगी पडावयाचा असतो. जमिनीच्या कागदांशेजारीं ही एक वही जपून ठेवावी, इतकीच शेतकरी बंधूंस विनंती आहे.