मुंबई-पुण्याएवढी तबकडी

लग्नाची डीव्हीडी हातात घ्या आणि तिची चकाकती बाजू उजेडात धरा. व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर, मधलं भोक १५ मिलिमीटर. या चकाकत्या बाजूवर एकच एक रेघ आहे. भोकाजवळून निघते, गोल गोल फिरत कडेपर्यंत जाते, मध्ये कुठेही तुटत नाही. ही रेघ सोडवून सरळ ताणली तर किती भरेल? शंभर मीटर म्हणाल? एक किलोमीटर? ती भरते ११.८ किलोमीटर! वांद्रे-वरळीचा सागरी सेतू ५.६ किलोमीटरचा. त्यावरून जाऊन परत आलं तरी रेघ अर्ध्या किलोमीटरहून जास्त शिल्लक राहते!

वळसे किती? ४६ हजार. शेजारच्या दोन वळशांमधलं अंतर ०.७४ मायक्रॉन. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाहूनही कमी. डोळ्यांपुढे येत नाही ना? मग तबकडीच मोठी करू या. मुंबईहून पुणं रेल्वेनं १९२ किलोमीटर आहे, पण नकाशावर पट्टी ठेवून सरळ मोजलं तर साधारण १२० किलोमीटर भरतं. तबकडी १२० मिलिमीटरची, वाट १२० किलोमीटरची. मिलिमीटरचा किलोमीटर करा, दहा लाख पट, आणि तबकडी मुंबईच्या कडेपासून पुण्याच्या कडेपर्यंत अंथरा. पनवेल, कर्जत, खंडाळा, लोणावळा, सगळं तिच्याखाली गेलं. मधल्या भोकाचा व्यास १५ किलोमीटर. जाडी १,२०० मीटर, म्हणजे लोहगडाचा माथाही आत बुडाला. आणि एवढ्या अवाढव्य तबकडीवरच्या रेघा? दर ७४ सेंटीमीटरला एक! ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधल्या जागेत अशा दोन रेघा मावतात. रेघेवर कोरलेली सगळ्यात छोटी खूण ४० सेंटीमीटर लांब आणि ३२ सेंटीमीटर रुंद. सबंध मुंबई ते पुणे प्रदेशावर इतक्या दाटीनं, एकही जागा न चुकवता, खुणा मांडायच्या. आता रेघेची लांबी झाली १ कोटी १८ लाख किलोमीटर. पृथ्वीच्या पोटाभोवती गुंडाळली तर २९४ वेढे बसतात आणि वर थोडी उरते.

या खुणांमध्ये साठवलंय काय? ४७० कोटी बाइट. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून ३,७६० कोटी बिट. म्हणजे ३,७६० कोटी वेळा 'आहे' किंवा 'नाही'. सेकंदाला एक या हिशेबानं, न झोपता, न जेवता ते मोजायला बसलात तर १,१९१ वर्षं लागतील. आज मोजणी संपवायची असेल, तर राष्ट्रकूटांचा अमोघवर्ष गादीवर होता तेव्हा सुरुवात करायला हवी होती! प्रत्येक बिटामागे एक रुपयाचं नाणं ठेवा. २०११ सालच्या मालिकेतलं नाणं ३.७९ ग्रॅमचं. वजन होतं १ लाख ४२ हजार टनांवर. कोळशाची एक मालगाडी साधारण ४,००० टन ओढते. या नाण्यांना तशा ३६ मालगाड्या लागतील. आणि कोरी तबकडी मिळते किती रुपयांना? वीस रुपये धरा. एका पैशात १ कोटी ८८ लाख बिट!

पायोनियर कंपनीनं १९९७ मध्ये असल्या तबकड्या लिहिणारं पहिलं यंत्र विकायला काढलं, तेव्हा त्याची किंमत होती १७,००० डॉलर. त्या वेळच्या भावानं सहा लाख रुपयांच्या वर. नंतरच्या दहाएक वर्षांत तेच काम करणारी ड्राइव्ह तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत पोचली.

आता चित्रफितीकडे वळू. दोन तासांचं लग्न घ्या: हळद, सीमांतपूजन, मंगलाष्टकं, पाठवणी. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे दोन तासांत १ लाख ८० हजार चित्रं. प्रत्येक चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं: ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. एकूण ठिपके ७,४६४ कोटींच्या पुढे. प्रत्येक ठिपक्याचा रंग नीट लिहायला २४ बिट. गुणाकार करा: १ लाख ७९ हजार कोटी बिट! आणि तबकडीत जागा किती? ३,७६० कोटी.

ही तफावत पाण्यात मोजू. एक बिट म्हणजे पाण्याचा एक थेंब, आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर. विहीर धरा २० फूट रुंद, ४० फूट खोल, काठोकाठ भरलेली. कच्च्या चित्रफितीचं पाणी अशा अडीचशे विहिरी भरेल. तबकडीत मात्र जागा आहे सव्वापाच विहिरींची! अडीचशे विहिरींचं पाणी सव्वापाच विहिरींत ओतायचं, आणि नवरीच्या शालूची जरही पुसट होऊ द्यायची नाही.

हे साधतं, आणि ते ज्या गणितानं साधतं त्याच्या मुळाशी एक भारतीय माणूस आहे. बंगळुरूत जन्मलेले नसीर अहमद. टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी १९७४ मध्ये 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' नावाची रीत मांडली. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातलं डोळ्याला जाणवणारं तेवढं ठेवायचं. गणिताच्या पोटात आपण शिरायला नको, त्याचा आवाका बघू. रंगाचे वेगळे चौकोन धरून एका चित्रात ९,७२० चौकोन. सेकंदाला २ लाख ४३ हजार. दोन तासांत जवळजवळ १७५ कोटी चौकोन! टीव्हीखालचा तो पातळ प्लेअर १७५ कोटी चौकोन एकेक करून उलगडतो, पुन्हा जागच्या जागी बसवतो, आणि आपण निवांत चहा पीत मंगलाष्टकं ऐकतो.

आणि याच तबकडीनं दोन अगदी वेगळ्या यंत्रांत चालायचं असतं: टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये आणि टेबलावरच्या संगणकात. ही अट पहिल्यापासूनची. १९९५ पर्यंत दोन गट आपापली तबकडी पुढे रेटत होते, एकीकडे तोशिबा आणि दुसरीकडे सोनी-फिलिप्स. आयबीएमसारख्या संगणकवाल्या कंपन्यांनी आग्रह धरला की सिनेमा आणि संगणक दोघांना चालेल अशी एकच तबकडी हवी. दोन्ही गट एकत्र आले आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानात पहिले प्लेअर विकायला आले.

संगणक दिलदार असतो. फोनमधली एमपी४ फाइल ओढून तबकडीवर टाकली तरी तो ती उघडून दाखवतो. जुना प्लेअर तीच तबकडी तोंडात घेतो, घरघरतो आणि बाहेर काढून देतो. त्याला नव्वदच्या दशकात ठरलं तेवढंच कळतं, आणि त्यात त्याचा काहीच दोष नाही. म्हणून तबकडी प्लेअरच्या नियमानं बनवायची. प्लेअरला चालली की संगणकालाही चालते. चित्र एमपेग-२ पद्धतीचं हवं. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने हवेत. चित्राचा ओघ सेकंदाला ९८ लाख बिटांच्या वर जाता कामा नये. आवाज, चित्र आणि बाकीचं सगळं मिळून १ कोटी ८० हजारांच्या आत. माझं स्पष्ट मत आहे की घरी लिहिलेल्या तबकडीत ८० लाखांच्याही खालीच राहावं, जुन्या प्लेअरचा जीव तेवढ्यात रमतो. दोन तासांच्या लग्नाला तबकडीची जागाच ५२ लाखांचा ओघ देते, तेव्हा चिंता नाही. आवाज मात्र कच्चा ठेवू नका. दोन तासांचा कच्चा स्टिरिओ आवाज १३८ कोटी बाइट खातो, तबकडीचा पाव हिस्सा आणि वर थोडा!

हे सगळं 'व्हिडिओ टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये बसवायचं. त्यात चित्राच्या व्हीओबी फाइली, एकेक १ गिगाबाइटच्या आतली, आणि कुठे काय आहे ते सांगणाऱ्या आयएफओ फाइली. प्रत्येक आयएफओची बीयूपी नावाची हुबेहूब नक्कल, तीही मुद्दाम अंतर राखून ठेवलेली, म्हणजे एकाच ओरखड्यात दोन्ही जायला नकोत. शिवाय तबकडीवर दोन अनुक्रमणिका लिहायच्या, एक यूडीएफ पद्धतीची आणि एक जुन्या संगणकांच्या आयएसओ ९६६० पद्धतीची. दोन्ही त्याच फाइलींकडे बोट दाखवतात. एकच घर, दोन दरवाजे. हे काम डीव्हीडी ऑथरिंगचं सॉफ्टवेअर करतं. शेवटी 'फायनलाइज' करायला विसरलात, तर लिहिणाऱ्या ड्राइव्हला तबकडी कळते, प्लेअरला कळत नाही.

जागेचं एक गूढही इथेच उकलू या. खोक्यावर ४.७ जीबी, संगणक म्हणतो ४.३८. चोरी कुणी केलेली नाही; खोक्यावरचा हिशेब हजाराच्या पटीत आहे, संगणकाचा १,०२४ च्या. खरा फरक दुसरीकडे आहे. डीव्हीडी-आर मध्ये ४,७०,७३,१९,८०८ बाइट मावतात, डीव्हीडी+आर मध्ये ४,७०,०३,७२,९९२. अंतर ६९ लाख बाइटांचं. आपल्या लग्नातली दहा सेकंदं! काठोकाठ भरलेली 'वजा' तबकडी 'अधिक'वर उतरवायला गेलात, तर नेमकी तेवढी सेकंदं बाहेर राहतात आणि ड्राइव्ह लिहायलाच नकार देते.

आणि ओरखडा पडला तर? दर ३२,७६८ बाइटांच्या गठ्ठ्यामागे ४,८३२ बाइट निव्वळ दुरुस्तीसाठी राखलेले असतात. रेघेच्या दिशेनं ६ मिलिमीटर मजकूर पार पुसला गेला तरी प्लेअर तो हिशेबानं परत उभा करतो. आपल्या मुंबई-पुणे तबकडीवर हे ६ किलोमीटर झाले, जवळपास सीएसएमटी ते करी रोड. एवढे रूळ उखडून नेले, आणि गाडी तशीच धावली, डब्यातल्या कुणाला हिसकाही बसला नाही!

आता लिहायचं बटण दाबा. साधं बघताना तबकडी सेकंदाला साडेतीन मीटर वेगानं लेझरखालून सरकते, सायकल चालते तशी. सोळा पट वेगाच्या ड्राइव्हमध्ये ती मिनिटाला ९,२०० फेरे घेते, सेकंदाला १५३. कडेचा वेग ताशी २०० किलोमीटर. वंदे भारत प्रवाशांना घेऊन जास्तीत जास्त १६० नं धावते! लेझर वाचतानापेक्षा दहापटीहून जास्त तेजानं पेटतो आणि रंगाच्या थरावर खुणा भाजत सुटतो. सेकंदाला जवळजवळ ४२ कोटी जागा, आणि प्रत्येक जागी ठरवायचं: भाजू की सोडू.

पुन्हा मुंबई-पुण्याची तबकडी डोळ्यांपुढे आणा. तिच्या कडेला लेखणी धावतेय सेकंदाला ५५,८०० किलोमीटर वेगानं. पृथ्वीची एक प्रदक्षिणा पाऊण सेकंदाच्या आत! त्या वेगात ती ४० सेंटीमीटरची खूण मांडते, थांबते, पुन्हा मांडते. तबकडी दांड्यावर केसभर, मिलिमीटरचा दहावा हिस्सा, वाकडी बसली असेल तर अख्खा प्रदेश शंभर शंभर मीटर हेलकावतो, १३५ रेघा इकडे, १३५ रेघा तिकडे, तेही सेकंदाला १५३ वेळा, आणि लेखणी आपली रेघ सोडत नाही. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. या रेघेच्या लांबीत चंद्रावर जाऊन परत येण्याच्या १५ खेपा होतात. ४६ हजार वळसे, मिनिटाला ९,२००: पाच मिनिटांत पंधरा खेपा पुऱ्या!

आणि स्टुडिओवाल्याला एकच प्रत थोडीच काढायची असते? मुलीकडच्यांना हवी, मुलाकडच्यांना हवी, मामांना हवी, आत्याला हवी. त्याच्या डुप्लिकेटरमध्ये सात ड्राइव्ह एकाखाली एक बसवलेल्या असतात. सातही तबकड्या एकदम फिरायला लागतात. सात रेघा, ८ कोटी २६ लाख किलोमीटर, पाच मिनिटांत. पृथ्वीपासून सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. सूर्यापर्यंतची अर्ध्याहून जास्त वाट!