पलटी झालेली जीप आणि तिच्यानंतरचे चार महिने

कानडी आणि मराठी या दोन भाषांत एक शब्द जवळजवळ सारखाच आहे, हे मला गेल्या जुलैत पोलिसांच्या कागदावर समजले. हवालदारांनी कानडीत लिहिले होते, 'जीप पल्टि'. आमच्या घरी सांगताना मीही तेच सांगितले होते, "काका, जीप पलटी झाली."

जीप काकांच्या नावावर, चालवत होता त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, आणि शेजारी बसलो होतो मी. जागा खानापूर तालुक्यातील आमच्या शेताकडे उतरणारी तांबड्या मातीची वाट. अशा अपघाताच्या बातमीत 'गाडी उलटली, दोघे किरकोळ जखमी' एवढे छापून येते आणि विषय संपतो. प्रत्यक्षात विषय तिथे सुरू होतो. वाणिज्य शाखेत विमा हा विषय मी परीक्षेपुरता वाचला होता. 'परम सद्भावाचे तत्त्व' आणि 'नुकसानभरपाईचे तत्त्व' यांवर प्रत्येकी पाच गुणांची टीप मला तोंडपाठ होती. त्या टिपांचा अर्थ मला काकांच्या ओसरीवर कळला, तो विद्यार्थी मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

प्रथम गाडीविषयी. जीप आठ वर्षांची. दादाने ती घेतल्यावर दोन वर्षांत तिचे रूप पालटून टाकले. पाट्यांखाली लांब शॅकल घालून ती उंच केली, मोठे टायर बसवले, पुढे विंच आणि चार जादा दिवे लावले, आणि मागच्या बाजूस जाड पाइपची चौकट वेल्ड करून घेतली. गावात सगळे वळून बघत. यांतले एकही काम नोंदणीपुस्तकात नव्हते, आणि विमा कंपनीलाही कळवलेले नव्हते.

उंच गाडी लवकर का कलंडते हे साध्या भागाकाराने समजते. दोन चाकांमधील अंतराचे अर्ध घ्या आणि त्याला गुरुत्वमध्याच्या जमिनीपासूनच्या उंचीने भागा. समजा अंतर १२० सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर आहे. भागाकार १ येतो, म्हणजे कागदावर ती गाडी ४५ अंश कलेपर्यंत तग धरेल. तीच गाडी १० सेंटिमीटर उचलली की भागाकार ०.८६ होतो आणि मर्यादा ४१ अंशांच्या आत येते. खऱ्या रस्त्यावर पाटे एका बाजूला दबतात, चाक खड्ड्यात जाते, त्यामुळे मर्यादा आणखी खाली येते. आमचे उजवे चाक बांधाच्या कडेच्या चरात गेले. वेग माणसाच्या चालण्याइतका होता. जीप आधी थबकली, मग म्हैस चिखलात लोळते तशी सावकाश कलंडली आणि चाके वर करून थांबली. दोघांनीही पट्टे बांधलेले होते, आणि खाली दादाची ती पाइपची चौकट होती. ती नसती तर हा लेख लिहायला मी नसतो, हे मी अतिशयोक्ती न करता सांगतो.

दादाचे मनगट मोडले, पण ते जीप उलटताना नव्हे. आम्ही दोघे उलटे लोंबकळत होतो. दादाने किल्ली फिरवून इंजिन बंद केले, हे फार चांगले केले, आणि लगेच पट्ट्याचे बटण दाबले. सबंध अंगाचा भार घेऊन तो डोक्याकडून खाली आला आणि हात मध्ये सापडला. ते पाहून मी एक हात खाली टेकवला, पाय समोर रोवले, आणि मगच बटण दाबले. एवढीच गोष्ट आधी माहीत असती तर दादाचे सहा आठवड्यांचे प्लास्टर वाचले असते.

शेजारच्या शेतातून माणसे धावत आली. त्यांतला एक जण पोलिसांच्या भीतीने आधी मागेच उभा होता. मित्रहो, २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घातले गेले आहे. अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही, आणि पोलीस त्याला नाव सांगण्याची सक्ती करू शकत नाहीत. ही गोष्ट गावोगावी पाटी लावून सांगायला हवी असे मला वाटते.

जीप सरळ कशी केली हे सांगण्यासारखे आहे. काकांनी ट्रॅक्टर आणला आणि एकच दोर बांधून ओढायला निघाले. तेवढ्यात गॅरेजचे मिस्त्री मोटारसायकलवरून पोहोचले. ते कानडी बोलतात, आम्ही मराठी, आणि गेली वीस वर्षे दोघांचे उत्तम चालले आहे. मिस्त्रींनी आधी दादाचा हात पाहिला, "मोदलु जीव, आमेले गाडी" म्हणजे आधी जीव, मग गाडी, असे म्हणून त्याला मोटारसायकलवरून दवाखान्यात पाठवले, आणि मगच जीपकडे वळले. त्यांनी दोन दोर बांधायला लावले. एक ओढणारा, तो चासीला, अंगाला किंवा बंपरला नव्हे. दुसरा विरुद्ध बाजूने झाडाला एक वेढा देऊन चार माणसांच्या हातात, म्हणजे जीप चाकांवर येताना धाडकन आदळणार नाही किंवा पलीकडे पुन्हा लोळणार नाही. दोराच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, कारण ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा फिरतो. आधी कुशीवर, मग चाकांवर, अशा दोन टप्प्यांत अर्ध्या तासात जीप उभी राहिली. काका लगेच चढून बसले आणि किल्लीला हात घातला.

"चालू माडब्याडरी!" मिस्त्री ओरडले. सुरू करू नका.

त्याचे कारण असे. गाडी उलटी पडली की इंजिनातले तेल खालच्या तळाशी राहत नाही, ते सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. अशा वेळी स्टार्टर मारला तर पिस्टन वर येऊन तेलावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनाची आणखी एक भीती म्हणजे ते आत शिरलेले तेलच इंधन म्हणून जाळू लागते, आणि मग किल्ली बंद करूनही थांबत नाही. मिस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, आम्लाने जळलेल्या जागेवर सोड्याचे पाणी ओतले, आणि जीप ट्रॅक्टरने ओढत गॅरेजात नेली. तिथे चारही इंजेक्टर काढले, क्रँकच्या पुलीला लांब पाना लावला आणि इंजिन हाताने फिरवले. तिसऱ्या फेऱ्याला काळ्या तेलाची पिचकारी छपराला लागली. हवेच्या गाळणीतही वाटीभर तेल निघाले. मग तेल बदलून दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केले, पहिली दहा मिनिटे पांढरा धूर, नंतर ठीक.

यात विम्याचाही मुद्दा आहे, तो मला नंतर दिसला. आमच्या पॉलिसीतील एका अटीप्रमाणे अपघातानंतर मालकाने गाडीचे पुढील नुकसान टाळण्याची काळजी घ्यायची असते, आणि दुरुस्तीपूर्वी गाडी चालवून नुकसान वाढले तर ते त्याच्या माथी. काकांनी किल्ली फिरवली असती तर सबंध इंजिनाचा खर्च आमच्या माथी बसला असता.

बाकी तपासणी थोडक्यात सांगतो. चासी वाकडी झाली का हे मिस्त्रींनी सुतळीने चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून पाहिले, फरक नव्हता. ब्रेकचे तेल बदलले. ताण सोसलेले दोन्ही सीटबेल्ट फेकून दिले, कारण एकदा जोराने ताणलेला पट्टा दुसऱ्यांदा भरवशाचा राहत नाही.

आता खरा प्रश्न. अपघाताची खबर विमा कंपनीला देणे हे कायद्याने, कलम १३४ प्रमाणे, चालकाचे कर्तव्यच आहे. फोन केला, फोटो पाठवले. सर्व्हेअर तीन दिवसांनी येणार होते. त्या तीन दिवसांत गॅरेजात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने काकांना एकच सल्ला दिला: जुने टायर चढवा, शॅकल काढा, विंच पोत्यात घाला, सर्व्हेअरला काय कळणार आहे!

काकांनी पीककर्ज काढलेले होते. दादाचे प्लास्टर, दवाखान्याचे बिल, आणि दुरुस्तीचा अंदाज १ लाख ६२ हजार. संध्याकाळी ओसरीवर त्यांनी क्लेमचा इंग्रजी अर्ज माझ्यापुढे टाकला. "तू कॉलेजात हेच शिकतोस की. असं लिही की पैसे मिळावेत."

अर्जात एक रकाना होता: गाडीत काही फेरबदल केले आहेत काय? मी तिथेच अडलो. काका वाईट माणूस नाहीत. त्यांनी आयुष्यात कोणाचा रुपया बुडवलेला नाही. पण कंपनी म्हणजे कोणी माणूस नव्हे, असे त्यांना वाटत होते, आणि खरे सांगायचे तर मलाही थोडे तसेच वाटत होते.

मी त्यांना पुस्तकातले तत्त्व सांगितले नाही, हिशेब सांगितला. कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे पुन्हा स्पष्ट केले आहे. नियमबाह्य बदलाबद्दल कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हे झाले सरकारचे. विम्याच्या बाजूने पाहिले तर खरे सांगितल्यास काही भाग कापला जाईल, पण खोटे उघडकीस आल्यास सगळाच क्लेम जाईल. आणि ते उघडकीस येणारच होते, कारण अपघाताच्या जागी शेतकऱ्यांनी काढलेले फोटो मीच कंपनीला पाठवून बसलो होतो. काका बराच वेळ गप्प होते. मग "लिही तर" म्हणाले आणि आत गेले. दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

सर्व्हेअर आले. त्यांनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत पट्टी लावली, तेव्हाच मला कळले की टायर बदलण्याचा काही उपयोग झाला नसता. वेल्डिंगची चौकट त्यांनी हाताने हलवून पाहिली आणि म्हणाले, "हिच्यामुळे वाचलात. कागदावर मात्र ही बेकायदाच."

हिशेब असा झाला. वाणिज्यच्या मित्रांनी तो जरूर ताडून पाहावा. अंदाजातले ४६,००० जादा बसवलेल्या सामानाचे. ते कळवलेले नसल्यामुळे शून्य. (दिवे व विंच यांसारखे विजेवर चालणारे सामान आधी कळवून जादा हप्ता भरला असता तर ते धरले गेले असते.) धातूचे भाग ६४,०००, आठ वर्षांच्या गाडीस ४० टक्के घसारा, म्हणून ३८,४००. काच ४,०००, तिला घसारा नाही. रबर, प्लॅस्टिक, बॅटरी १२,०००. निम्मे, म्हणून ६,०००. मजुरी ३०,००० पूर्ण. रंगाचे साहित्य ६,०००, निम्मे, ३,०००. एकूण ८१,४००. त्यातून सक्तीची वजावट २,००० आणि मोडीची किंमत ३,४०० गेली; राहिले ७६,०००. यावर कंपनीने कळवले की उंची वाढवल्यामुळे अपघाताची शक्यता वाढली, सबब 'नॉन-स्टँडर्ड' पद्धतीने ७५ टक्केच देता येतील. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या एका निकालात पॉलिसीच्या अटीचा भंग झाला असता ७५ टक्के देण्याची ही पद्धत मान्य झालेली आहे. म्हणजे हातात ५७,०००. नुकसानभरपाईचे तत्त्व मी पाठ केले तेव्हा भरपाई म्हणजे सगळी भरपाई, अशीच माझी समजूत होती.

दादाच्या मनगटाला एक रुपयाही मिळाला नाही. पॉलिसीबरोबर १५ लाखांचा जो वैयक्तिक अपघात विमा असतो तो स्वतः गाडी चालवणाऱ्या मालकासाठी, आणि तोही मृत्यू अथवा कायमच्या अपंगत्वासाठी. दादा मालक नव्हता, आणि हात सहा आठवड्यांत जुळला. हे वाक्य लिहिताना वाईट वाटावे की बरे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

उरलेले १ लाख ५ हजार कोठून आले हे घरचे आहे, ते इथे लिहीत नाही. विंच मात्र विकली. नव्या दुरुस्तीत मूळ मापाचे पाटे आणि टायर बसवले, त्यामुळे प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा थोडा कमी आला. चौकट काढताना दादा गॅरेजात थांबला नाही. मिस्त्रींनी ती कापून दोन तुकडे केले, आणि एका तुकड्याची आता आमच्या गोठ्यात वैरणीची दांडी झाली आहे.

पैसे ऑक्टोबरच्या अखेरीस खात्यावर जमा झाले. काकांनी पासबुक भरून आणले, आकडा दोनदा वाचला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीचा हप्ता भरायच्या आधी तो कागद एकदा मला मराठीत वाचून दाखव." परवा बसून पहिली चार पाने झाली. पाचव्या पानावर अटी सुरू होतात.