मंगळवेढा ते सोलापूर : नवजात श्वासाचा मागोवा

जन्मल्यावर न रडणारे मूल आणि दिवस भरण्याआधी जन्मलेले, कच्च्या फुप्फुसांचे मूल या दोघांनाही श्वासासाठी आधार लागतो. पहिल्याला बहुधा हाताने दाबायची पिशवी पुरते, दुसऱ्याला यंत्राची गरज पडते.

फुप्फुसांतले वायुकोश मिटू न देणारा सरफॅक्टंट हा पदार्थ अपुऱ्या दिवसांच्या बाळात कमी असतो, हे मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. उपाय मात्र हाती नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि याच कमतरतेतून होणाऱ्या आजाराने दोन दिवसांत गेला. पुढे व्हेंटिलेटर आले. बाळे जगू लागली, पण यंत्राचा दाब आणि जादा ऑक्सिजन यांनी फुप्फुसांना होणारी इजा १९६७ मध्ये नोंदली गेली. मग वाटचाल सौम्य आधाराकडे वळली. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी सीपॅपचा, म्हणजे बाळाच्या स्वतःच्या श्वासाला सतत हलका दाब देण्याचा, उपचार मांडला. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी सरफॅक्टंट थेट श्वासनलिकेत देऊन दाखवले.

बबल सीपॅपची रचना आजही साधी आहे. नाकपुड्यांतून ऑक्सिजनमिश्रित हवा जाते आणि परतीच्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत पाच सेंटिमीटर बुडवलेले असते. दाब तेवढाच राहतो. बुडबुडे थांबले की परिचारिका आधी नाकातली नळी सरकली का, बाळाचे तोंड उघडे आहे का, हे पाहते. ऑक्सिजन मोजून द्यावा लागतो, कारण तो जास्त झाला तर अपुऱ्या दिवसांच्या बाळाची नजर जाऊ शकते.

महाराष्ट्राचे खरे योगदान मात्र पिशवीच्या बाजूला आहे. न रडणाऱ्या बाळाला उलटे धरणे, पाठीवर चापट्या मारणे असे उपाय खेडोपाडी चालत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बालसेवा सुरू केली. गावातल्याच आरोग्यदूत बायांनी आधी नळी-मुखवटा, १९९९ पासून पिशवी-मुखवटा वापरला. मान किंचित मागे, मुखवटा नाकातोंडावर घट्ट, मिनिटाला ४० ते ६० वेळा दाब, आणि नजर छाती उचलते का याकडे. या सेवेने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. कमी शिकलेल्या बायांनी मिळवलेले हे यश कुठल्याही महागड्या यंत्राच्या तोडीचे आहे.

२००९ मध्ये केंद्राने नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमातून प्रसूतीच्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना पिशवी-मुखवट्याने श्वास देण्याचे हेच तंत्र शिकवायला घेतले. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनी पायऱ्या ठरवल्या : प्रत्येक प्रसूतिकक्षात नवजात कोपरा, प्रथम संदर्भ रुग्णालयात स्थिरीकरण कक्ष, जिल्ह्याला विशेष नवजात काळजी कक्ष. कक्ष उभारणे पुरेसे नाही, हे ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याने दाखवले. तेथील जिल्हा रुग्णालयाच्या अशाच कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली.

सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा या तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे. व्हेंटिलेटरच्या उपचारासाठी सुमारे ५५ किलोमीटरवरचे सोलापूर गाठावे लागते. तेथे १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्याच्या दक्षिणेकडील दुष्काळी गावांना हे अंतर आणखी लांब पडते. वाटेत बाळाचे अंग गार पडले, तर श्वास अधिकच बिघडतो. म्हणून प्रसूतीआधी आईलाच हलवणे सर्वांत सुरक्षित. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलेली, पोटातल्या बाळाची फुप्फुसे पक्की करणारी स्टेरॉइडची इंजेक्शने याच वेळी कामाला येतात. २०१४ च्या केंद्रीय सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्यास पाठवण्यापूर्वीची पहिली मात्रा उपकेंद्रातली परिचारिकाही देऊ शकते. सातव्या महिन्यात पोट दुखू लागले, तर घरच्यांनी वाट न पाहता लगेच रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. सरकारी रुग्णालयातील प्रसूती आणि आजारी नवजाताचे उपचार २०११ पासून मोफत आहेत.