खडकी बोले, दौंड ऐके

पुण्यात कर्वेनगरच्या कडेने वाहणारी मुठा संगमावर मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेत जाते आणि भीमा दौंडला पोचते. या पाण्याच्या वाटेवरची दोन गावं, मुळेकाठची खडकी आणि भीमेकाठचं दौंड, यांनी १९२७ साली हिंदुस्थानची इंग्लंडशी थेट बिनतारी गाठ घालून दिली. संदेश खडकीहून जायचे आणि दौंडला यायचे. पलीकडे इंग्लंडातही ग्रिम्सबी आणि स्केगनेस अशी जोडीच होती.

दोन गावं का? ट्रान्समीटरच्या शेजारी रिसीव्हर ठेवला, तर हजारो मैलांवरून आलेली क्षीण लहर घरच्याच गोंगाटात बुडून जाते. म्हणून बोलणारा एकीकडे, ऐकणारा दूर दुसरीकडे, आणि दोघे मुंबईच्या तारघराशी तारेने जोडलेले.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी या सेवेचं उद्घाटन केलं. त्याच पावसाळ्यात, २३ जुलैला, त्यांच्याच हस्ते मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं. ती तारीख आकाशवाणीच्या प्रत्येक वर्धापनदिनाला निघते. खडकीची आठवण मात्र कोणी काढत नाही. गाणी ऐकवणारा रेडिओ घराघरात गेला आणि व्यापाऱ्यांच्या तारा वाहणारा रेडिओ कुंपणाआडच राहिला, त्याला काय करणार!

तंत्राच्या दृष्टीने मात्र खडकीचं यंत्र जास्त धाडसी होतं. तोवर दूरवर जायचं तर लांब लहरी हव्यात, असा पक्का समज होता. १९२६ साली सुरू झालेल्या इंग्लंडातल्या रग्बी केंद्राची लहर सुमारे १९ किलोमीटर लांबीची, आणि ती सोडायला ८२० फुटी १२ मनोरे. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी सी. एस. फ्रँकलिन यांनी उलटी वाट धरली. लहर किलोमीटरांवरून मीटरांवर आणायची, तारांचा एक उभा पडदा टांगायचा आणि त्याच्यामागे परावर्तनासाठी दुसरा. बॅटरीतल्या बल्बमागे चकचकीत वाटी असते, तसाच हा मागचा पडदा. सगळी शक्ती एकाच दिशेला जाते, त्यामुळे कमी विजेत काम भागतं. आखूड लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून परततात आणि हे थर दिवसरात्र बदलतात. म्हणून दिवसा साधारण १६ मीटरची लहर, तर अंधारात साधारण ३४ मीटरची. हा खेळ इतका स्वस्त आणि वेगवान ठरला, की समुद्रतळाशी केबल टाकून बसलेल्या कंपन्यांचं धाबं दणाणलं. १९२९ मध्ये ब्रिटिश साम्राज्यातले केबल आणि बिनतारी हे दोन्ही धंदे एकाच छत्राखाली आणावे लागले.

पुढचा इतिहास भराभर सांगता येतो. १९३३ मध्ये इंग्लंडशी रेडिओ-टेलिफोन सुरू झाला. १९४७ मध्ये सरकारने कारभार घेतला, तो ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या नावाने. नारायणगावजवळच्या आर्वीत १९७१ मध्ये उपग्रह भूकेंद्र उभं राहिलं आणि आखूड लहरींचे दिवस भरले. १९८६ मध्ये विदेश संचार निगम आलं, २००२ मध्ये ते टाटांकडे गेलं. निगमाची खडकीजवळच्या दिघी परिसरातली ५०० एकरांहून जास्त जमीन मात्र वेगळी काढून एका सरकारी कंपनीकडे वळवली गेली. तेव्हापासून चर्चा होते ती जमिनीच्या भावाची.

जतनाचा प्रश्न इथेच अडतो. किल्ल्याचा बुरूज ढासळला तरी दगड जागेवर राहतात. ट्रान्समीटर बंद पडला की त्याचं तांबं-पितळ भंगारवाला किलोवर नेतो. शिवाय एखादा मोठा व्हॉल्व्ह काचेच्या कपाटात ठेवला म्हणजे केंद्र जपलं असं होत नाही. मनोरे, जमिनीतली अर्थिंग, वीजघर आणि सगळं चालू करायचा क्रम ठाऊक असलेली माणसं, हे सगळं मिळून ट्रान्समीटर होतो. स्वीडनमधल्या ग्रिमेटनने ते ओळखलं. तिथलं १९२४चं अलेक्झांडरसन जनित्र १७.२ किलोहर्ट्झवर आजही वर्षातून एकदोनदा, विशेषतः २४ डिसेंबरला, संदेश पाठवतं. सहाही मनोऱ्यांसकट २००४ मध्ये ते जागतिक वारसा ठरलं.

आपल्याला ते जमायला उशीर झाला आहे. पण यंत्र गेलं तरी ते चालवण्याचं ज्ञान लगेच जात नाही. ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस आणि निगमातून निवृत्त झालेली माणसं पुण्याच्या आसपास आहेत. कर्वेनगरातच मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थिनींनी ध्वनिमुद्रक घेऊन त्यांना गाठावं. संध्याकाळी लहर बदलायची वेळ कशी ठरायची, पावसाळ्यात अँटेनाचे इन्सुलेटर ओले झाल्यावर काय व्हायचं, व्हॉल्व्ह आता जाणार हे कशावरून कळायचं, आणि इंग्लंडचा आवाज बुडाला की दौंडवाले आधी कोणाला फोन करायचे, हे विचारून घ्यावं.