जन्मांधांची स्वप्नसृष्टी

जन्मांधाला स्वप्ने पडतात काय, हा प्रश्न डोळसांच्या अहंकारातून उपजतो. दृश्यावाचून अनुभवच नाही, असे आपण गृहीत धरलेले असते! पाचव्या वर्षापूर्वी दृष्टी गेलेल्यांच्या स्वप्नांत चित्रे नसतात, सातव्यानंतर गेलेल्यांच्या स्वप्नांत ती टिकतात, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ जॅस्ट्रो यांनी १८८८ मध्येच नोंदविले होते. जन्मांधांची स्वप्ने आवाज, स्पर्श, गंध, चव यांनीच विणलेली असतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासातील निष्कर्ष मात्र अधिक अस्वस्थ करणारा आहे. त्यातील ११ जन्मांधांच्या स्वप्नांपैकी सुमारे चतुर्थांश दुःस्वप्ने होती. डोळसांत हे प्रमाण शेकडा ६. वाट चुकणे, मोटारीची धडक बसणे, वाटाड्या कुत्रा हरवणे, ही त्यांतील भये दिवसा रस्त्यावर त्यांना भेटतात तीच होत.