एंजिन तेल बदल
मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन-एंजिनातील वापरलेले वंगण तेल काढून नवे भरण्याची क्रिया. उच्च तापमानामुळे तेलाचे ऑक्सिडीभवन होते, काजळी, पाणी व न जळालेले इंधन त्यात मिसळते आणि त्यातील गुणवर्धक द्रव्ये खर्ची पडतात. पुष्कळ आधुनिक पेट्रोल गाड्यांसाठी सु. १०,००० किमी. किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल, ती मुदत दिलेली असते. तथापि केवळ अंतरावर विसंबणे चुकीचे होय. रोज २-३ किमी.च चालणाऱ्या गाडीचे एंजिन पुरेसे तापत नाही; त्यामुळे तेलातील पाणी व इंधन उडून न जाता गाळ साचतो आणि धारवे झिजतात. अशा गाडीचे तेल लवकर बदलावे लागते. नुसता काळा रंग हे मात्र तेल निकामी झाल्याचे लक्षण नव्हे. काजळी विखुरलेली ठेवण्याचे आपले काम करीत असतानाच ते काळवंडते.